इथे बसून काढून दाखव

‘हे काय आहे? म्हैस? जांभळी?’

मृणालताईंनी कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. ओलं पोतेरं धरावं तसा. त्यांची नात सानिका बाजूला उभी. दहा वर्षांची. चित्र तिचं होतं.

मी तोंड उघडायच्या आत त्या माझ्याकडे वळल्या.

‘आठ दिवसांवर प्रदर्शन आलंय आणि तू हे लावणार भिंतीवर? लोक काय बोलतील? मंडळानं टीचर ठेवली की टाइमपास? हात फिरव जरा. त्याकरताच तर ठेवलंय ना तुला!’

तुला. माझ्या आधी इथे जो मुलगा चित्रकला शिकवायचा, तो माझ्याच वयाचा होता. त्याला त्या ‘अहो सर’ म्हणायच्या.

मी ब्रश उचलला. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. सानिकाच्या डोळ्यांदेखत तिच्या जांभळ्या म्हशीवर मी काळा रंग चढवला. पाठीवर थोडा राखाडी. शिंगांना गोलाई. ती बारीक आवाजात म्हणाली, ‘टीचर, ती संध्याकाळची म्हैस होती.’ मी म्हटलं, ‘हो बेटा, समजलं.’ आणि रंगवत राहिले. शेवटी डोळ्यात पांढरा ठिपका दिला. वर, उजवीकडे. म्हैस एकदम आपल्याकडे बघायला लागली.

‘हां! आत्ता कसं!’ मृणालताई खूश झाल्या. ‘काय हात आहे हो पोरीचा. रक्तातच असतं यांच्या.’

यांच्या.

मग आजीनं सांगितलं म्हणून सानिकानं कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं. त्या आठ दिवसांत तिनं जांभळा रंग घेतलेला मी पाहिला नाही.

इंदूरात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. आपण मूळचे कुठले? म्हणजे संस्थानाच्या काळात आलेले, की आत्ता नोकरीच्या बदलीवर आलेले? इथल्या मराठी मंडळात मुलाखतीच्या दिवशी मलाही तोच विचारला. मी म्हटलं, ‘आम्ही मिलबरोबर आलेलो.’ माझे पणजोबा खानदेशातून इथे कापड मिलमध्ये मजुरीला आले, त्यांना कुणी सरदारकी द्यायला बोलावलं नव्हतं.  मग मृणालताईंनी आडनाव विचारलं. त्या मंडळाच्या बालविभागाच्या प्रमुख. मी आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अच्छा अच्छा.’

एक अच्छा पुरला असता.

मिल कधीच बंद पडली. तिच्या मागची आमची वस्ती तेवढी राहिली. बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, ट्रकांच्या मागचे मोर. फ्लेक्स आला आणि काम गेलं. बाबांचा नियम होता, गिऱ्हाईक म्हणेल ते. पिवळ्यावर लाल म्हणाला तर पिवळ्यावर लाल. पण काम संपलं की भिंतीच्या तळाला, बोटभर अक्षरांत, ते आपलं नाव घालायचे. मालकाला न विचारता. त्यांच्याकडून मी पहिली गोष्ट शिकले आणि दुसरी विसरले.

असं नाही की मला बोलता येत नव्हतं. वस्ती हटवायची नोटीस आली तेव्हा पत्रकं मी लिहिली. पोस्टर मी काढले. साहेबांच्या कचेरीसमोर माईक हातात घेऊन बोलले, पोलीस समोर उभे असताना बोलले.  आणि मंडळाच्या त्या हॉलमध्ये, कूलरच्या गार हवेत, एका गोड बोलणाऱ्या बाईसमोर माझा आवाज बसायचा. कारण कचेरीसमोर मी कोण आणि ते कोण, हे स्वच्छ होतं. इथे मला सगळे ‘आपली टीचर’ म्हणत होते. आपली म्हटलं की माणूस किती वाकतो, हे कुणी मोजून बघावं.

तीन वर्षं मी हात फिरवला. प्रदर्शनाच्या आधीचा आठवडा म्हणजे माझं कारखान्याचं काम. आया फोनवर फोटो आणायच्या, ‘टीचर, असा मोर पाहिजे.’ पोरगं फांदी काढायचं, मोर मी काढायची. घरी दिवाणखान्यात फ्रेम लागायची. पाहुणे म्हणायचे, मुलगा किती टॅलेंटेड! माझ्या नावाचा तिथे काय संबंध?

हा झाला मंडळातला शनिवारचा वर्ग. रविवारी मी वस्तीत शिकवायची. समाजमंदिराच्या ओट्यावर, पंचवीस-तीस पोरं. काढून झालं की गल्लीत आडवी दोरी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लटकवायची, संध्याकाळपर्यंत ठेवायची. येणारा-जाणारा थांबायचा. नावं ठेवायचा, हसायचा, पण बघायचा. एकदा भाजीवाले काका ठेला तिथेच सोडून दोरीपाशी आले. इंदूरात पोरीलाही भियाच म्हणतात.

‘क्यों भिया, ये मेरा ठेला बनाया है? चाक तो तीनच दिखते! एक क्या तू बेच के खा गई?’

‘चौथा पीछे है, काका,’ चित्र काढणारी म्हणाली. ‘तुम सामने खड़े हो, तो दिखेगा कैसे?’

ही रोशनी. बारा वर्षांची. जे दिसतं तेच काढायची, जे दिसत नाही ते कुणी कितीही सांगितलं तरी काढायची नाही. तिची आई सुनीतावहिनी मल्हारगंजाच्या बाजूला एका नमकीनच्या कारखान्यात सेव भरते. दिवसभर उभं राहून, पिशवीत सेव, पिशवी काट्यावर, पिशवीचं तोंड गरम पट्टीखाली. संध्याकाळी घरी येते तेव्हा कोपरापर्यंत पिवळी.

रोशनीकडे जलरंगाची सहा वड्यांची पेटी होती. त्यात पांढरा नाही. हॉलमधल्या पोरांकडे पांढऱ्या पोस्टर कलरच्या ट्यूबा असायच्या, चूक झाली की वरून थापायचा. रोशनी एकदा म्हणाली, ‘टीचर, पांढरा नाहीये.’ मी सहज म्हटलं, ‘मग कागद कोरा सोड. कागद पांढराच आहे की.’

एवढंच. एक वाक्य. मी ते विसरूनही गेले होते.

दोन महिन्यांनी तिनं आईचे हात काढले. नुसते हात, सेवच्या पिशवीवर. पिवळा बोटांशी दाट आणि कोपराकडे विरत गेलेला. प्लास्टिकच्या पिशवीची चमक म्हणजे कोरा कागद. तळव्यावरच्या रेषा, भाजल्याचा एक जुना डाग, तोही कोरा कागद. मी कॉलेजात चार वर्षं चित्रकला शिकले. कोरं सोडायची हिंमत मला अजून होत नाही. मी घाबरते आणि पांढरा लावते. ही पोरगी घाबरली नव्हती.

मी त्या कागदाला बोट लावलं नाही. वस्तीतल्या एकाही पोराच्या कागदावर मी कधी हात फिरवला नाही. कुणी मागितलाच नव्हता.

या वर्षी मी मृणालताईंना विचारलं, वस्तीतल्या मुलांची चित्रं प्रदर्शनात घ्याल का? ‘हो, का नाही! सेवा उपक्रमात घेऊ की,’ त्या म्हणाल्या. मी विचारलं, बक्षिसासाठीही? ‘अगं, सबके लिए ओपन आहे.’ पहिलं बक्षीस म्हणजे मंडळाच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर चित्र, चित्राखाली पूर्ण नाव, आणि शनिवारच्या वर्गात वर्षभर जागा. मी वस्तीत जाऊन हे सांगितलं. रोशनीनं एकच गोष्ट विचारली.

‘पूर्ण नाव म्हणजे? पप्पांचं पण? आडनाव पण?’

‘सगळं.’

 मला कळलं, तिला काय पाहिजे ते. वर्ग नव्हे, बक्षीसही नव्हे. आपलं आडनाव छापलेलं, त्या लोकांच्या अंकावर, त्या लोकांच्या घरात.

प्रदर्शनाचा दिवस. हॉलमध्ये चाळीसेक चित्रं. प्रत्येकाखाली छापील कार्ड. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, शाळा. आमची सहा चित्रं दाराच्या बाजूला, पंख्यांच्या बटणांखाली. सहांना मिळून एक कार्ड. ‘सेवा उपक्रम : वस्तीतील मुले’.

मी म्हटलं, ताई, नावं?

‘अगं, जागा कुठंय एवढ्या कार्डांना? आणि नावं टाकून कुणाला कळणार आहे? इतना क्या मनावर घेते तू!’

 इथेच भांडायला पाहिजे होतं. इथेच.

परीक्षक म्हणजे पुण्याहून बदली होऊन आलेले एका कंपनीतले साहेब. चित्रकलेतले जाणकार म्हणून बोलावलेले. ते सगळ्या हॉलभर फिरले. मान डोलावत, पुढे सरकत. रोशनीच्या चित्रापाशी थांबले. थांबले ते थांबलेच. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, ‘हे पहिलं. प्रश्नच नाही.’

मी सुनीतावहिनीकडे पाहिलं. ती कारखान्यातली अर्धी पाळी टाकून आली होती. हात घासून घासून धुतलेले, तरी नखांत पिवळं.

‘कुणाचं आहे हे?’ साहेबांनी विचारलं. कार्ड काही सांगत नव्हतं. मृणालताई पुढे झाल्या, त्यांच्या कानाशी बोलल्या. मला फक्त ‘टीचरच्या वस्तीतली’ एवढं ऐकू आलं.

साहेब पुन्हा चित्राकडे वळले. आता डोळे वेगळे होते. आधी चित्र बघत होते. आता चोरीचा माल तपासत होते.

‘बारा वर्षांची? नाही, नाही... हे कोरं सोडणं बघा. हे मुलांना येत नाही. हा शिकलेला हात आहे.’

‘टीचरनी फिरवला असेल हात,’ मृणालताई सहज म्हणाल्या. ‘फिरवतातच त्या.’

ऐका नीट. फिरवतातच त्या. ज्यांनी माझ्या हातात ब्रश कोंबला, ‘त्याकरताच ठेवलंय’ म्हणून सुनावलं, त्याच बाईनं माझी ती लाचारी उचलली आणि एका बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात घातली. आणि ‘तू’ची मी एकदम ‘त्या’ झाले. आरोप करताना मान देतात हे लोक.

मी म्हटलं, ‘या चित्राला मी बोट लावलेलं नाही.’

‘तुमच्या शब्दावर शंका नाही हो मॅडम,’ साहेब म्हणाले. अगदी नम्रपणे. ‘पण उद्या कुणी विचारलं तर? मुलगी आहे ना इथे? मग प्रश्नच मिटला.’ ते रोशनीकडे वाकले. ‘बाळ, इथे बसून काढून दाखव.’

टेबल आलं. खुर्ची आली. कोरा कागद आला. लोक गोळा झाले, फोन वर झाले. मागून कुणीतरी खिदळलं, ‘लाइव्ह करो भिया, लाइव्ह!’

आणि मी काय केलं? मी रोशनीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘काढ गं. दाखव यांना.’

हो. मी म्हटलं. मला वाटलं, ही बसेल, दहा मिनिटांत हात काढेल आणि सगळ्यांची थोबाडं बंद होतील. मला गुर्मी चढली होती. हा आपला जुना रोग आहे. त्यांनी शंका घेतली की आपण धावत सुटतो. रेशनकार्ड आणा, जातीचा दाखला आणा, मार्कशीट आणा, घराची पावती आणा. शंका त्यांची, धावपळ आमची. कचेरीसमोर माईकवर याच्याविरुद्ध बोलणारी मी, आणि हॉलमध्ये मीच त्या पोरीला खुर्चीत बसवलं.

रोशनी बसली. पेन्सिल उचलली. एक रेघ काढली.

‘हात बघा, अडला.’

‘घरी बराच चालतो वाटतं!’

हशा झाला. सुनीतावहिनी पुढे सरकली तर बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकानं हात आडवा केला. ‘बाई, मागे. मदत नाही करायची.’ ज्या बाईचे हात त्या चित्रात होते, तिला चित्रापासून चार फूट लांब उभं केलं.

रोशनीनं मान वर करून गर्दी पाहिली. सगळ्यांचे चेहरे, एकेक. मग पेन्सिल कागदाच्या बाजूला सरळ ठेवली.

‘नाही काढत.’

‘का बाळ? येत नाही?’

‘येतं. पण मग सगळ्यांनाच बसवा ना. मलाच क्यों? तिला पण बसवा.’ आणि तिनं बोट केलं. काळ्या म्हशीच्या चित्राखाली उभ्या असलेल्या सानिकाकडे.

मृणालताई हसल्या. खरंच हसल्या, रागानं नव्हे. त्यांना ते इतकं खुळचट वाटलं.

‘तिचं काय गं? तिचं तर आहेच.’

तिचं तर आहेच. त्या एका वाक्यात सगळं आलं. शाळेत मला विचारलेलं, ‘हा निबंध तूच लिहिलास?’ कॉलेजात ऐकलेलं, ‘तुमचं काय, कोट्यातून होतंच.’ एकाचं असतंच. दुसऱ्यानं काढून दाखवायचं. जन्मभर, खुर्चीत बसून, लोकांसमोर. आणि हे मला माझ्या कॉलेजानं शिकवलं नाही, पत्रकांनी शिकवलं नाही. एका बारा वर्षांच्या पोरीनं पेन्सिल खाली ठेवून शिकवलं.

नोंदवहीच्या टेबलावर काळा मार्कर होता. मी तो उचलला आणि सरळ म्हशीपाशी गेले. सानिकाच्या कार्डावर, तिच्या नावाखाली, माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. मोठ्यानं म्हटलं, ‘ही म्हैस जांभळी होती. काळी मी केली. आजींनी सांगितलं म्हणून.’

पुढचं कार्ड. ‘हा मोर. फांदी त्याची. मोर माझा, पिसारा माझा.’ नाव लिहिलं.

पुढचं. ‘ही शाळेत निघालेली मुलगी. दप्तर तिचं. मुलगी माझी.’

‘ओ मॅडम, काय चालवलंय हे?’ मोराचे वडील ओरडले. ‘अरे बंद करवा यार कोणी हिला!’

मी थांबले नाही. ‘डोळे बघा सगळ्यांचे. पांढरा ठिपका बघा. वर, उजवीकडे. म्हशीला तोच, मोराला तोच, मुलीला तोच, त्या गणपतीला पण तोच. चौदा चित्रं आहेत. चौदा मुलांना एकच सवय लागली का? ती माझी सवय आहे. बसवा ना यांना खुर्चीत. आणा चौदा खुर्च्या!’

परीक्षक साहेब मोराच्या जवळ गेले. मग गणपतीच्या. मग चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले. 

मृणालताईंचा चेहरा पांढरा पडला होता. ‘तीन वर्षं सांभाळलं गं तुला. खाल्ल्या मिठाला तरी जाग!’

‘मीठ कसलं ताई? हात माझा होता.’

सानिका रडत होती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, ‘सॉरी बेटा. तुझी म्हैस चांगली होती. चूक माझी आहे.’ तिनं तोंड आजीच्या पदरात लपवलं. तिनं मला माफ करावं असं मी काहीच केलेलं नाही. तिच्या आजीचा राग मी तिच्या कार्डावर काढला, हेही खरं आहे. पण त्या हॉलमध्ये त्या दिवशी खरं बोलायला दुसरी भिंत नव्हती.

अर्ध्या तासानं माईकवरून निकाल आला. ‘काही तांत्रिक कारणांमुळे सेवा उपक्रमातील चित्रांचा स्पर्धेसाठी विचार करण्यात आलेला नाही.’ आणि पहिलं बक्षीस मोराला.

टाळ्या पडल्या. पिसारा माझा होता.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मजकूर फिरला. टीचरनं वस्तीतल्या गरीब मुलांचा वापर करून राजकारण केलं म्हणे. कला ही जातीपातीच्या पलीकडे असते म्हणे. असेल. मग माझं आडनाव ऐकून दोनदा अच्छा का म्हणालात? मला वेगळा निरोप आला. ‘उद्यापासून येऊ नये.’ आमची पाच चित्रं एका पोत्यात घालून वॉचमनबरोबर परत पाठवली. सहावं नाही. विचारलं तर उत्तर आलं, ते वादग्रस्त आहे, कमिटीच्या ताब्यात राहील.

म्हणजे बघा. चित्र तिचं नाही म्हणून बक्षीस नाही. आणि तिचं नाही म्हणून परतही नाही. मग कुणाचं आहे? सेव भरणाऱ्या बाईचे हात कमिटीच्या कपाटात काय करतायत?

मला वाटलं होतं, वस्ती माझ्या बाजूनं उभी राहील, बाया म्हणतील, बरं केलंस. काही म्हणाल्याही. पण सुनीतावहिनीनं मला दारातच अडवलं. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

‘ते बोलले ते समजलं. ते बोलणारच. तू काहून बोलली तिला, काढ म्हणून? तुला तर माहीत होतं ना तिचंच आहे?’

‘हो वहिनी.’

‘मग?’

  मी म्हटलं, चुकले. ती म्हणाली, ‘चुकली तर चुकली. पण पोरगी पेटी उघडत नाही आता.’

मी गल्लीत, सगळ्यांसमोर, रोशनीला म्हटलं की माझं चुकलं, मी तुला त्या खुर्चीत बसवायला नको होतं. तिनं ऐकलं. ‘ठीक है, टीचर,’ म्हणाली आणि पाण्याचा डबा घेऊन घरात गेली. रविवारी दोरी बांधली जाते. ती तिथून जाते, एकेक चित्र बघते, पुढे निघून जाते. मी हाक मारत नाही. तिला परत काढायला लावणारी मी कोण?

मी पत्रक लिहिलं. चार ओळींचं. नोकरी परत मागितलेली नाही, ती त्यांनी कुणाही ‘अहो सर’ला द्यावी. बक्षीसही मागितलेलं नाही. दोनच मागण्या. चित्र परत द्या. आणि त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवरून, त्या चित्राच्या मालकिणीचं नाव घ्या. तिचं, तिच्या वडिलांचं, आडनाव. खुलासा नको. चौकशी समिती नको. चित्र तिचंच आहे हे सिद्ध करणारा एकही कागद मी जोडलेला नाही आणि जोडणार नाही. शंका ज्यांची, त्यांनी धावावं.

दर शनिवारी वर्गाच्या वेळेला मी मंडळाच्या गेटसमोर फुटपाथवर त्या दोन मागण्यांची पाटी घेऊन बसते. पोरं म्हणाली, ‘टीचर, आपण सगळे जाऊ. वहीं बैठ के ड्रॉइंग करेंगे. मजा येईल!’ मी नाही म्हटलं. आता कुठल्याही कारणासाठी, चांगल्यासुद्धा, एकाही लेकराला मी चार लोकांसमोर काढायला बसवणार नाही. बसायचं तर मी बसेन.

गाड्या येतात. काचा वर होतात. मोराच्या वडिलांनी एकदा काच खाली करून विचारलं, ‘फोकटचा तमाशा आहे की पैसे मिळतात?’ मी पत्रक पुढे केलं. घेतलं नाही.

मागच्या शनिवारी मृणालताई गाडीतून उतरून माझ्यापाशी आल्या. छत्री उघडी, ऊन होतं.

‘अगं, किती दिवस बसणार आहेस अशी?’

‘तुम्ही सांगा ताई. नाव घ्यायला किती वेळ लागतो?’

त्यांनी छत्री मिटली आणि आत गेल्या. वॉचमननं गेट लावलं. मी पाटी सरळ केली. पुढच्या शनिवारी इथेच आहे. त्याच्या पुढच्याही.